येसबाचं बिडाचं प्यान

आम्ही लिंगायत वाणी, सून मराठ्यांच्या घरातली. आमच्याकडं अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून ती आणि आमचे चिरंजीव मागच्या गॅलरीत वेगळी शेगडी मांडून काय हवं ते करतात आणि म्हाताऱ्यानं ते पाहिलेलं नाही असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं आहे. गेल्या रविवारी मी गॅलरीत वाळत घातलेला पंचा आणायला गेलो. शेगडीवर जाड बिडाचं पॅन होतं. हल्ली पुन्हा निघालंय म्हणे ते. त्यात कोंबडीची तंगडी चिकटून बसली होती आणि सून उलथन्यानं तिला खरवडत होती.

माझ्या तोंडून गेलं, "ओढू नको गं. थांब जरा. ते आपणहून सोडतंय."

ती थांबली. दोन मिनिटांनी तंगडी अलगद सुटली. खालची बाजू तांबूस, खमंग. सूनबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी चोरी करताना सापडलोय.

"बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

"कुठंतरी वाचलं होतं," मी म्हणालो आणि पंचा घेऊन आत सटकलो.

पंच्याहत्तरी आली तरी खोटं बोलायची खोड काही गेली नाही. आता कुणाला भ्यायचं होतं? वडील गेले, सासरे गेले, सुमनला जाऊनही तीन वर्षं झाली. पण जीभ सवयीची गुलाम. ते मी वाचलेलं नव्हतं. ते मला येसबानं शिकवलं होतं आणि येसबाचं नाव मी या घरात पन्नास वर्षांत एकदाही काढलेलं नाही. का काढलं नाही, ते सांगायला आज बसलोय. सांगताना मी स्वतःला फार छळणार नाही, कारण त्यातही एक प्रकारची ऐट असते. झालं तसं सांगतो.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी चोवीस वर्षांचा, बांधकाम खात्यात ओव्हरसिअर, पहिलीच नेमणूक आटपाडीला. सांगलीत आमचं हळदीचं दुकान, घरात दोन वेळा लिंगपूजा, आणि तिथून उचलून मला या उघड्या माळावर आणून टाकलेलं. गावाबाहेर खात्याचा बंगला होता, साहेबलोक दौऱ्यावर आले की उतरायचे. बंगल्यामागं दोन खोल्यांची क्वार्टर्स होती, त्यातली एक मला मिळाली. बंगल्याचा खानसामा म्हणजे येसबा.

येसबा पन्नाशीचा, औंधाकडच्या एका खेड्यातला. पलटणीत बावीस वर्षं लंगरात, म्हणजे शिपायांच्या स्वयंपाकघरात, काढलेली. उंच, ताठ, मिशा कातरलेल्या, आणि उजव्या हातावर कोपरापासून खाली एक केस नाही, सगळे विस्तवानं जाळून नेलेले. पेन्शनीवर आल्यावर तो इथं रोजंदारीवर लागला होता. चार वर्षं झाली तरी रोजंदारीच. त्याचं सगळं बोलणं फिरून एकाच ठिकाणी यायचं. "पर्मनंट झालो की क्वार्टर मिळंल. क्वार्टर मिळाली की कारभारनीला आणतो. लय दीस एकली ऱ्हायलीया." त्याचा कागद सांगलीच्या कचेरीत जायचा होता. तो कुठल्या टेबलावर पोचलाय हे तो आम्हाला रोज विचारायचा.

आणि त्याचं ते पॅन. तो म्हणायचा प्यान. बिडाचं, वीतभर दांड्याचं, दोन हातांनी उचलावं इतकं जड. पलटणीच्या मेसमध्ये कंडम झालं तेव्हा त्यानं मागून घेतलेलं. आतून काळंभोर, तुळतुळीत, बघणाऱ्याला त्यात खिडकी दिसायची. ते प्यान तो गावी नेत नसे. बायको माळकरीण. "गळ्यात माळ हाय तिच्या. प्यान उंबऱ्यात आनलं तर मला बी भाईर काडंल," तो हसत सांगायचा. "म्हनून आमी दोगं बी भाईरच."

त्याचं मटण मी पहिल्यांदा खाल्लं ते आल्यापासून दुसऱ्याच महिन्यात. आधी मी नुसता बघायला गेलो होतो, असं मी स्वतःला सांगितलं. बाजारचा दिवस होता, त्यानं बकऱ्याच्या चापा, म्हणजे बरगडीचे हाडासकट तुकडे, आणल्या होत्या. मीठ लावून ठेवलेल्या. तासाभरानं त्यानं एकेक चाप धुतलेल्या फडक्यानं टिपून अगदी कोरडी केली.

"तेल?" मी विचारलं.

"कशाला? त्येची त्येला चरबी हाय की. आन हे बगा, वल्लं मटान भाजत न्हाई, उकडतंय. उकडाया आपल्याकडं काय आजारी मानूस हाय का?"

चुलीवर नुसतंच कोरडं प्यान ठेवून तो बसून राहिला. त्यात काही नाही. मला वाटलं विसरला. मग त्यानं बोटानं पाण्याचा एक थेंब आत टाकला. तो चुर्र करून वाळला. "न्हाई अजून." थोड्या वेळानं दुसरा थेंब. हा वाळला नाही, मण्यासारखा गोल झाला आणि प्यानभर पळत सुटला. येसबा खूश झाला. "आता बगा. सावधान!" असं प्यानाला सांगून त्यानं चापा ठेवल्या, चरबीची कड आधी खाली धरून. जो काही आवाज झाला! नंतर त्यानं हात मागं घेतले ते घेतलेच. मांसाला हात नाही, उलथनं नाही. मी म्हटलं, "अहो, चिकटलंय ते, करपेल."

"आवं सायेब, चिकटनारच. वढू नगा. वढलं तर फाटतंय. भाजून झालं की ते आपनहून सोडतंय." खरंच सुटलं. मग "पीछे मुड!" म्हणून त्यानं त्या उलटल्या. वर फक्त मिरं आणि लिंबू.

मी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पाठीवर सारली आणि खाल्लं. काय सांगू, आजही तोंडाला पाणी सुटतं आणि सुटलं की स्वतःची लाज वाटते. येसबा मिस्कील हसला. "देवाला पाठीमागं घातलं व्हय? त्येला काय नाक न्हाई?" मी चिडलो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. त्यो काय कुनाला सांगत न्हाई. आन म्या बी न्हाई."

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी दुपारी डबी पाठीवर. त्यानं कधी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

तसा तो साधुबिधू नव्हता हं. तिरसट होता, हट्टी होता. एकदा सांगलीहून मोठे साहेब आले. त्यांना शहाणपण फार. प्यानाजवळ येऊन काट्यानं चाप टोचायला लागले. येसबानं त्यांचा हात धरला. साहेबांचा हात! "सायेब, तुमच्या हापिसात म्या फायलीला हात लावतो का?" आमचे डेप्युटी रावसाहेब पांढरेफटक पडले. पण मोठे साहेब जेवल्यावर दोनदा मागून घेऊन म्हणाले, "या माणसाचा कागद अजून का अडकलाय? पाठवा." तेव्हापासून येसबाची मान आणखीच ताठ झाली.

दुसऱ्यांदा त्याचा पारा चढलेला पाहिला तो भांडी घासायला येणाऱ्या बाईवर. बिचारीनं नवेपणी प्यान राखेनं घासायला घेतलं. येसबा असा ओरडला की मोटारीखालचं कुत्रं पळालं. तोपर्यंत वरचा थोडासाच काळा थर गेला होता, पण तीन दिवस हा कुणाशी बोलला नाही, रोज चरबी चोळून प्यान तापवत बसला. मला म्हणाला, "राख लावायची न्हाई, साबन लावायचा न्हाई. मीठ टाकून फडक्यानं पुसायचं, बास. ह्यो काळा रंग न्हवं सायेब, ही चाकरी हाय माजी." तो असं काही बोलला की मला हसू यायचं. पोरवय.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. तासगावची मुलगी, सुमन. घराणं आमच्याहून कडक. सुमनच्या वडिलांचं एकच म्हणणं, मुलगा लांब नोकरीला आहे, राहणी चोख आहे ना? अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आमच्या पोराला वाससुद्धा सहन होत नाही.

आणि पोराला काय बुद्धी सुचली? एका रविवारी मी येसबाला म्हणालो, "आज मी करतो. प्यान द्या." त्यानं फडक्याला हात पुसले. ते त्यानं आजवर कुणाच्या हातात दिलेलं नव्हतं. मग आतून आणून दिलं. "थेंब बगून घ्या. आन घाई करू नगा. म्या भाकरी घिऊन येतो तवर."

माझ्या खोलीत, स्टोव्हवर, मी चापा ठेवल्या. डबी पाठीवर. थेंब पळाला होता, चापा चिकटल्या होत्या, मी हात मागं घेऊन शहाण्यासारखा उभा होतो, आणि दारात अण्णा. त्यांच्यामागं सुमनचे वडील. जावयाची राहणी बघायला दोघे सकाळच्या एस.टी.नं न सांगता आले होते.

सुमनच्या वडिलांनी नाकाला उपरणं लावलं. अण्णांचा चेहरा कसनुसा झाला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते भ्याले होते. "हे काय आहे?" ते म्हणाले. मी डबी ओढून छातीवर आणली आणि तोंडातून जे आलं ते आलं.

"खानसाम्याचं आहे. मी नसलो की माझ्या खोलीत शिजवतो. कितीदा सांगितलं, ऐकत नाही. मीसुद्धा आत्ताच आलो."

आत्ताच आलो! हातात उलथनं होतं माझ्या. आणि तेवढ्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन येसबा पायरी चढला. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो माझ्याकडं बघत राहिला, मग अण्णांकडं, मग पाहुण्यांकडं. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. भाकरीचं फडकं पाठीमागं धरून तो म्हणाला, "व्हय जी. माजंच चुकलं. सायबास्नी न इचारता शिजीवलं."

माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो ते मला त्यानंतरच्या दहा मिनिटांत कळलं. अण्णा म्हणाले, "ते भांडं आधी बाहेर काढ." मी चापा उकिरड्यावर फेकल्या. प्यान विहिरीजवळ नेलं. कुणी घासायला सांगितलं नव्हतं. मला किळस आलीय हे पाहुण्यांना दिसावं म्हणून मी आपणहून बसलो आणि राख घेतली, विटेचा तुकडा घेतला, घासलं. खसाखसा घासलं. अण्णा आणि पाहुणे ओट्यावरून बघत होते. येसबा लिंबाखाली उभा राहून बघत होता. इतक्या वर्षांचं काळं राखेच्या पाण्याबरोबर वाहून गेलं आणि खालचं भुरकट लोखंड उघडं पडलं. मी ते त्याच्यापुढं आपटलं. "पुन्हा माझ्या खोलीत दिसता कामा नये."

त्यानं ते उचललं. आतून हात फिरवला. खोटं ऐकताना ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती त्याचे डोळे तेव्हा भरले. तो एवढंच म्हणाला, "लय जोर लावलासा, सायेब." आणि गेला.

मला अजून वाटत होतं की इथंच मिटेल. अण्णांनी मिटू दिलं नाही. पाहुण्यांसमोर घराची अब्रू धुऊन निघायला हवी होती. त्यांनी रावसाहेबांकडं लेखी तक्रार केली: सरकारी क्वार्टरमध्ये घुसून, धर्म बाटवला वगैरे. रावसाहेब चांगले होते. त्यांनी मला बोलावून कोरा कागद पुढं सरकवला. "तुमचा जबाब लागेल. याचा कागद वर गेलाय, या आठवड्यात ऑर्डर निघेल. तक्रार खरी असेल तर मला ती थांबवावी लागेल, आणि रोजंदारीही बंद. तेव्हा नीट विचार करा आणि खरं काय ते लिहा."

आता बोला. त्या दिवशी दारात जीभ घसरली होती, असं म्हणता येईल. इथं कुणी दारात उभं नव्हतं. रावसाहेबांनी एक दिवस दिला होता. मी बंगल्याच्या मागं येसबाकडं गेलो. तो चुलीजवळ त्या भुरकट प्यानाला चरबी चोळत बसला होता. मी म्हटलं, "येसबा, मी खरं लिहितो."

तो वर न बघता म्हणाला, "लगीन मोडंल तुमचं. वडलांचं नाक जाईल. माजं काय, हातात कसब हाय, कुटं बी चूल पेटंल."

"आणि क्वार्टर? तुमच्या घरच्यांना आणायचं होतं ना?"

त्यानं आणखी चरबी घेतली. चोळतच राहिला. त्याच्या त्या चोळत राहण्यात सगळं उत्तर होतं आणि मला ते कळलं होतं. कळलं नाही असं मी दाखवलं. तो एकदा नको म्हणाला आणि मी ते दोन्ही हातांनी झेललं. खरं सांगू? मला हायसं वाटलं. परत येताना मी शीळ घालत होतो. ती शीळ आठवली की अजून कानशिलं तापतात.

जबाब लिहिला. दोन ओळी, वळणदार अक्षरात. माझ्या अक्षराचं खात्यात कौतुक होतं.

चार दिवसांनी येसबा गेला. गोणपाटात गुंडाळलेलं प्यान काखेत, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी. माझ्या क्वार्टरवरूनच वाट होती. मी दार लावून आत बसलो होतो. त्याची पावलं दारासमोर आली, तशीच पुढं गेली. थांबली नाहीत. घरी तर प्यानाला जागा नव्हती. ते घेऊन तो कुठं गेला, हे मी कुणाला विचारलं नाही.

लग्न थाटात झालं. सुमन फार चांगली निघाली. तिला सांगितलं असतं तर तिनं समजूनही घेतलं असतं, पण तिच्या वडिलांच्या कानावर जाईल या भीतीनं आधी गप्प बसलो आणि नंतर इतकी वर्षं गप्प का होतो हे सांगायची लाज वाटून गप्प बसलो. मटण त्या रविवारनंतर पुन्हा तोंडात घातलं नाही. लोक म्हणतात, किती कडक व्रत! खाई त्याला खवखवे, दुसरं काय. पुढच्या वर्षी एकदा कामाचं निमित्त काढून औंधाला गेलो. त्याचं गाव तिथून दोन कोस. मी काय केलं? यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढलो, देवीपुढं नारळ फोडला, आणि परतीच्या गाडीत बसलो. देवीची माफी मागणं सोपं असतं, ती समोर भाकरी धरून उभी नसते.

त्याला शेवटचं पाहिलं ते मिरजेत. लग्नाला चार वर्षं झाली होती. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दवाखान्यातून सुटल्यावर ते, सुमन आणि मी जेवायची जागा शोधत चाललो होतो. भर दुपार. त्या रस्त्याला पेशंटच्या नातेवाइकांसाठी खानावळींची रांग होती. एका खानावळीच्या दारात बाहेरच भट्टी मांडलेली आणि भट्टीपुढं येसबा.

केस पांढरे झाले होते. खांदे उतरले होते. प्यान मात्र तेच. मी आधी त्याला नाही, प्यानालाच ओळखलं. ते पुन्हा काळंभोर झालं होतं, पूर्वीसारखं तुळतुळीत. त्यानं बोटानं थेंब टाकला, थेंब गोल होऊन पळाला, आणि त्यानं चापा ठेवल्या.

मी सुमनचा दंड धरून पलीकडं वळणार, तेवढ्यात सासरे सरळ त्याच्यासमोरच जाऊन उभे राहिले. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं अंधूक दिसणारं. शिवाय चुलीपुढच्या माणसाचा चेहरा कोण लक्षात ठेवतो?

"अहो, इथं जवळपास शाकाहारी जेवण मिळेल का?"

येसबानं मान वर केली. सासऱ्यांना त्यानं ओळखलं. मग सुमनकडं पाहिलं, तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. एक शब्द पुरला असता. नुसतं "येसबा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझे ओठ सुटले नाहीत.

त्यानं नजर काढून घेतली. "म्होरं जावा, मालक," तो सासऱ्यांना म्हणाला. "पिपळाच्या झाडापाशी उजव्या अंगाला. आपल्यासारक्यांची सोय हाय थितं. आन हितं उबं ऱ्हाऊ नगा, कापडास्नी वास लागतोय."

मग तो प्यानाकडं वळला. चापा चिकटल्या होत्या. हात मागं बांधून तो त्या सुटायची वाट बघत उभा राहिला. आम्ही निघालो तेव्हा त्यानं त्या उलटल्या, पण "पीछे मुड" म्हणाला नाही.

थोडं पुढं गेल्यावर सुमन म्हणाली, "ओळखीचे होते का हो? तुमच्याकडं किती वेळ बघत होते."

"नाही," मी म्हणालो.

पिंपळाजवळच्या खानावळीत जेवण चांगलं होतं. आमटी मी दोनदा मागून घेतली.